डावीकडची गोळी

“माझ्या ट्रेला कोणी हात लावला?” मीनाक्षीअक्कांनी विचारलं.

मीटिंग रूममध्ये त्यांच्याशिवाय आम्ही तिघं होतो. आमचा प्रॉडक्ट हेड निखिल, एआय मॉडेलवर काम करणारी अनिता, आणि मी. हात मी लावला होता. अक्कांनी घरून आणलेला स्टीलचा ट्रे टेबलावर ठेवला, त्यात औषधं वाटेल तशी पडली होती, आणि माझ्याच्याने ते बघवलं नाही. प्रेशरच्या गोळ्यांची पट्टी डावीकडे घेतली, तिच्याशेजारी शुगरच्या गोळ्यांची, मग डोळ्यांच्या थेंबांची बाटली आणि सगळ्यात उजवीकडे मलमाची ट्यूब. नावं छापलेली बाजू वर. अजिबात आवाज न करता केलं होतं, निदान मला तसं वाटलं होतं.

“मी, अक्का. जरा नीट केलं.”

“ट्रे वाजतो,” त्या म्हणाल्या. “असू दे. आता विचारते.”

ट्रेच्या वर स्टँडला फोन लावला होता. अक्कांनी विचारलं, “माझी प्रेशरची गोळी कुठे आहे?” फोन म्हणाला, “डावीकडून पहिली.” त्यांनी बोट डावीकडे नेलं. बोट पट्टीवर आल्याबरोबर फोनने बीप दिला. पट्टीला त्यांनी खुणेसाठी रबर बँड लावलं होतं, ते चाचपून त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, “सरी.” म्हणजे बरोबर, ठीक. निखिलने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग थेंबांची बाटली विचारली. तीही बरोबर.

त्यानंतर अक्कांनी दोन्ही हातांनी ट्रे धरला आणि सावकाश उलटा फिरवला. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे.

“प्रेशरची गोळी कुठे आहे?”

“डावीकडून पहिली,” फोन म्हणाला. त्याच आवाजात, त्याच ठामपणे.

बोट डावीकडे गेलं. बीप वाजला. बोटाखाली मलमाची ट्यूब होती.

अक्कांनी ती उचलली, जरा दाबून बघितली. “ही गोळी पिळून घ्यायची वाटतं.”

ट्यूब त्यांनी परत ट्रेमध्ये टाकली.

“आज ट्यूब आली म्हणून मला कळलं,” त्या म्हणाल्या. “रबर बँड निसटलेलं असतं आणि हाती शुगरची पट्टी आली असती तर? ती आमच्या ह्यांची. मला शुगर नाही. सकाळी उपाशीपोटी मी ती घेतली तर काय होईल, तुम्ही सांगा.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “राव, तुमच्या ह्या यंत्राला दिसत नाही. मलाही दिसत नाही. पण मी तसं सांगते तरी.”

इथे थोडी ओळख करून द्यायला हवी. मी आधी पंचवीस वर्षं एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. कारखाना बंद झाल्यावर बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या ह्या लहानशा कंपनीत आलो, जिथे माझ्यानंतरचा वयाने मोठा इसम माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहे. काम डेटाचं. मॉडेलला शिकवायला हजारो फोटो लागतात. ते काढून घ्यायचे, प्रत्येक फोटोत कुठे काय आहे त्याभोवती चौकट आखून घ्यायची, आणि ते काम तपासायचं. घरी माझी ख्याती अशी की पाहुण्यांच्या चपला मी ते बसलेले असतानाच जोडीने लावतो. बायको म्हणते, ह्यांना स्वर्गात नेलं तर हे आधी ढग सरळ करतील.

आम्ही बनवत होतो ते ॲप कमी दिसणाऱ्या किंवा न दिसणाऱ्या माणसांसाठी होतं. फोन औषधांच्या वर धरायचा आणि तोंडी विचारायचं. मॉडेल फोटो बघतं, प्रश्न समजून घेतं आणि जागा सांगतं. ह्यात जी गोष्ट साधावी लागते तिला आमच्या धंद्यात ग्राउंडिंग म्हणतात. सोप्या भाषेत, शब्दाचे पाय चित्रात टेकले पाहिजेत. “गोळी डावीकडे आहे” असं मॉडेल म्हणालं, तर ते फोटोतल्या त्याच गोळीवर बोट ठेवून म्हटलेलं असलं पाहिजे. नुसतं उत्तर बरोबर येऊन भागत नाही. पाठ करूनही उत्तर बरोबर येतं, हे शाळेत गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

मीनाक्षीअक्का अंधांसाठी काम करणाऱ्या एका ट्रस्टच्या. विसाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. माहेर आमच्यासारखंच बेंगळुरूचं जुनं मराठी, त्यामुळे माझं ‘राव’ हे आडनाव ऐकल्यावर त्या माझ्याशी मराठीतच बोलायला लागल्या. बारा घरांत आमच्या ॲपची ट्रायल व्हायची होती, आणि पहिलं घर अक्कांचं. त्यांचे यजमान वेंकटेशअण्णा, त्यांनाही दिसत नाही. घरात तिसरं माणूस नाही. म्हणजे फोनने चुकीची पट्टी दाखवली तर ‘अहो, ही नव्हे’ म्हणणारं कोणी नाही.

अक्का ट्रे पिशवीत घालून उठल्या. “पंधरा दिवसांनी माझ्या घरी या. त्या सकाळची गोळी मी तुमच्या फोनला विचारूनच घेईन. तेव्हा असं झालं तर बाकीच्या अकरा घरांना मी नको म्हणून सांगणार.”

त्या गेल्यावर निखिलने दार लावलं. हा पुण्याचा, माणूस चांगला, पण घाईतला.

“राव सर, युजरला सांगता येईल ना, ट्रे फिरवू नका म्हणून? एक स्टिकर लावू. ‘ही बाजू वर.’”

“स्टिकर वाचणार कोण?” मी विचारलं.

तो अनिताकडे वळला. “आपल्या टेस्टमध्ये तर सगळं पास होतं. मग हे काय? मॉडेल तुझं आहे.”

अनिता मैसूरची. कामाला वाघ, बोलायला कमी. तिने लाइट तपासला, कॅमेरा तपासला, फोटो लहान करताना अक्षरं पुसट होतात का ते पाहिलं. तीन दिवस गेले. काही सापडलं नाही. निखिल रोज सकाळी तिच्या टेबलाशी उभा राहून “एनी अपडेट?” विचारायचा, आणि ती रोज थोडी आणखी बारीक दिसायची. मी आपला बाजूला बसून म्हणायचो, डेटा तर क्लीन आहे. मीच तपासलाय.

चौथ्या दिवशी सकाळी जयनगरला घरी मी चहा पीत बसलो होतो. समोर आई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला ती तयार नाही. तिच्या गोळ्या ती जुन्या इडलीपात्राच्या ताटलीत ठेवते. चार खळगे, चार वेळच्या गोळ्या. तिने पहिल्या खळग्यात बोट घातलं, गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली. सगळा वेळ तिचं लक्ष खिडकीबाहेर भाजीवाल्याकडे होतं.

“आई, गोळी बघितलीस तरी का?”

“बघायचंय काय त्यात? जागा ठाऊक आहे.”

मी कप खाली ठेवला. बायको म्हणते मी तो बशीत न ठेवता पेपरवर ठेवला, आणि तेव्हाच तिला कळलं की काहीतरी बिघडलंय.

ऑफिसला पोचल्याबरोबर अनिताला म्हटलं, “फोटोच देऊ नकोस. काळा चौकोन दे. आणि विचार.”

तिने दिला. पूर्ण काळं चित्र, त्यात काही म्हणजे काही नाही. विचारलं, प्रेशरची गोळी कुठे आहे? मॉडेल म्हणालं, डावीकडून पहिली. आणि त्या काळोखात डाव्या बाजूला एक सुबक चौकट आखून दिली. थेंबांची बाटली? मध्ये. मलम? उजवीकडे शेवटी.

अनिता खुर्चीत मागे टेकली. “सर, याने कधी काही बघितलेलंच नाही.”

“पण मग शिकलं कुठून?” निखिल मागे येऊन उभा होता.

मी आमचे फोटो एका स्क्रीनवर ओळीने लावले. शे-दीडशे एकदम. अतिशय सुंदर दिसत होते. प्रत्येक ट्रेमध्ये प्रेशरची गोळी डावीकडे, मग शुगरची, मध्ये बाटल्या, उजवीकडे ट्यूब. पंधरा ऑगस्टच्या संचलनासारखे. आणि त्या संचलनाचा हुकूम माझा होता. फोटो काढणाऱ्या टीमसाठी मी बावीस नियमांची गाइडलाइन लिहिली होती. त्यातला सातवा नियम : ट्रेमध्ये औषधं ठरलेल्या क्रमानेच मांडावीत. कारण? क्रम ठरलेला असला की मला तपासताना एका नजरेत चूक दिसते. माझी सोय.

मॉडेलने सोपा रस्ता धरला होता. पट्टीवरचं नाव वाचणं कठीण, जागा लक्षात ठेवणं सोपं. प्रत्येक वेळी शाबासकी मिळत होती, मग ते वाचेल कशाला? आणि आमच्या टेस्टचे फोटोही त्याच खोलीत, त्याच नियमाने काढलेले. शिकवणी घेणारा आणि पेपर काढणारा एकच, आणि तो मी.

त्याहून वाईट म्हणजे मला कोणीतरी सांगितलं होतं. फोटोच्या टीमची लीड शोभा, कन्नडिगा, पंधरा जणी तिच्या हाताखाली. सुरुवातीलाच ती म्हणाली होती, “सर, स्वल्प इकडेतिकडे ठेवू का? खऱ्या घरात असं कोण ठेवतं?” त्यावर मी तिला शिस्त ह्या विषयावर वीस मिनिटं ऐकवलं होतं. कारखान्यातली उदाहरणं देऊन.

मी हे सगळं मनात जुळवत असताना निखिल अनिताला सांगत होता, “ट्रायलपर्यंत मॉडेल मी दुसऱ्या टीमकडे देतो. तू थोडी बाजूला हो. पर्सनली घेऊ नकोस.”

अनिता लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागली. एक क्षण, खरं सांगतो, एक क्षण मला वाटलं की चला, आता ह्यात सातव्या नियमाचा विषय निघायचा नाही. वय झालं की माणूस शहाणा होतो असं म्हणणाऱ्यांनी तो क्षण बघायला हवा होता.

“निखिल, मॉडेलची चूक नाही,” मी म्हणालो. “आपण जे शिकवलं ते सगळं ते शंभर टक्के शिकलंय. चूक माझ्या गाइडलाइनची आहे. रूल सेव्हन. शोभाने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

तो माझ्याकडे वळला. “सर, तुम्ही? तुम्ही तर सगळ्यांत केअरफुल.”

“तेच तर.”

अनिताने वायर पुन्हा सोडली.

उरलेल्या दिवसांत काय केलं ते थोडक्यात सांगतो. फोटो जोडीने काढले. औषधं तीच, प्रश्न तोच, फक्त जागा बदललेली. म्हणजे दोन्ही फोटोंना एकच उत्तर दिलं की एक हमखास चुकणार. पाठांतराचा रस्ता बंद. दुसरं, शब्द बरोबर असले तरी चौकट चुकीच्या वस्तूवर असेल तर मार्क शून्य. तिसरं, काही फोटोंत विचारलेलं औषध ठेवायचंच नाही, आणि उत्तर शिकवायचं : दिसत नाही. शोभाच्या मुली खऱ्याखुऱ्या घरांत जाऊन फोटो काढून आल्या. बिस्किटांच्या डब्यात गोळ्या, देवाच्या फोटोमागे मलम, लोणच्याच्या बरणीला टेकलेलं कफ सिरप. मी फोटोच्या खोलीत गेलो की माझे हात आपोआप ट्यूब सरळ करायला जायचे. दुसऱ्या दिवशी शोभा म्हणाली, “सर, तुम्ही बाहेर बसा प्लीज.” दारावर तिने कन्नडमध्ये कागद लावला. राव सरांना प्रवेश नाही. माझ्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाचं हे सर्टिफिकेट.

आठवड्याने मॉडेल ट्रे फिरवला तरी चुकेना. पण नवीनच दुखणं सुरू झालं. औषध ढळढळीत समोर असतानाही ते म्हणायचं, दिसत नाही. जे मूल खोटं बोलल्याबद्दल मार खातं ते मग प्रत्येक गोष्टीला ‘मला माहीत नाही’ म्हणायला लागतं, तसं. पट्टी जरा वाकडी, दिसत नाही. सावली पडली, दिसत नाही. अनिताने रिकाम्या ट्रेचे फोटो कमी केले, अर्धवट झाकलेल्या औषधांचे वाढवले, पुन्हा शिकवलं. शेवटच्या दोन दिवसांत ते दुखणं गेलं. गेलं असं आम्हाला वाटलं.

ठरलेल्या सकाळी साडेसातला आम्ही जे. पी. नगरला अक्कांच्या घरी. निखिल, अनिता आणि मी. तळमजल्याचं घर, सगळं जागच्या जागी. मला फार बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याची भीतीही वाटली.

“गोळी घेतलेली नाही अजून,” अक्का म्हणाल्या. “पाण्याचा ग्लास भरून ठेवलाय.”

वेंकटेशअण्णा आरामखुर्चीत रेडिओ बंद करून बसले होते. अक्कांनी ट्रे आणला. पट्ट्या, ट्यूब, बाटली, सगळं एकमेकांवर पडलेलं. मी हात पाठीमागे बांधले. फोन स्टँडला लावला.

“माझी प्रेशरची गोळी कुठे आहे?”

फोनने थोडा वेळ घेतला. “ही गोळी ट्रेमध्ये दिसत नाही.”

निखिलने डोळे मिटले. अक्कांनी ट्रे थोडा फिरवला, पुन्हा विचारलं.

“ही गोळी ट्रेमध्ये दिसत नाही.”

“परत तेच,” निखिल माझ्या कानाशी पुटपुटला.

ट्रेच्या मधोमध रबर बँड लावलेली पट्टी पडली होती. मला स्वच्छ दिसत होती. अक्कांनी बोटांनी शोधली, उचलली, रबर बँड ओढून सोडलं. टक् असा आवाज आला.

“हे काय आहे मग?”

मी म्हणालो, “अक्का, आमची चूक. मधे हे दुखणं झालं होतं, बरं झालं असं वाटलं होतं. पट्टी समोरच आहे.”

“सरी,” त्या शांतपणे म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “मग मी आपली माझ्या पद्धतीने घेते. तुम्ही कॉफी घेऊन जा.” त्यांनी एक गोळी अंगठ्याने दाबून तळहातावर काढली आणि ग्लासकडे हात नेला.

अनिता फोनच्या स्क्रीनकडे टक लावून उभी होती. “एक मिनिट, अक्का. प्लीज घेऊ नका.” तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. “ती पट्टी परत ट्रेमध्ये ठेवा. फोनला शुगरची गोळी विचारा.”

“शुगरची माझी नाही.”

“तरी विचारा.”

अक्कांनी गोळी तळहातावर तशीच ठेवून दुसऱ्या हाताने पट्टी ट्रेमध्ये टाकली आणि विचारलं. फोन म्हणाला, “दोन पट्ट्या आहेत. एक उजवीकडे कडेला. दुसरी मध्ये, तिला रबर बँड आहे.”

मी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि वाकलो. रबर बँडच्या बाजूला नाव छापलेलं होतं. चांगलं मोठं. शुगरच्या गोळीचं.

“अक्का,” मी म्हणालो, “हातातली गोळी खाली ठेवा.”

त्यांनी मूठ मिटली. मग हळूच उघडून गोळी टेबलावर ठेवली.

वेंकटेशअण्णा उठून उभे राहिले. कन्नडमध्ये, अगदी हळू आवाजात म्हणाले, “काल संध्याकाळी तुझी जुनी पट्टी संपली ना. मेडिकलमधून दोघांच्याही नव्या आणल्या. पिशवीतून हाताला आलेल्या पट्टीला रबर बँड मीच लावलं.” भिंत धरत ते दारापाशी गेले, खिळ्याला टांगलेल्या पिशवीत हात घातला. एक पट्टी तळाशी राहिली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली. मी वाचली. ह्या वेळी दोनदा वाचली. प्रेशरची.

ती ट्रेमध्ये टाकली. अक्कांनी स्वतः सगळं ढवळलं, पट्टी ट्यूबखाली गेली. विचारलं.

“उजवीकडून दुसरी. अर्धी ट्यूबखाली आहे.”

बोट गेलं. बीप वाजला. अक्कांनी पट्टी ओढून काढली, गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली. ग्लास ठेवून म्हणाल्या, “राव, एक विचारू? तुम्हाला तर दिसतं ना?”

“दिसतं, अक्का. पण मी रबर बँड बघितलं.”

अण्णांना तोवर हसू फुटलं होतं. “मग यांनाही फोनच्याच शाळेत घाला,” ते म्हणाले.

सोमवारी बारा घरांत ट्रायल सुरू झाली. अक्कांनी अट एकच घातली, नव्या पट्टीला रबर बँड लावायच्या आधी फोनला विचारायचं. गाइडलाइनमधला सातवा नियम मी काढून टाकला. शोभा म्हणाली, आकडा मोकळा ठेवू नका, विचित्र दिसतं. म्हणून तिथे आता लिहिलंय : राव सरांनी ट्रेला हात लावू नये.

माझा धडा साधा आहे. एखादं काम आपण बरोबर करतोय आणि वर्षानुवर्षं करतोय, ह्यावरून आपण त्याकडे बघतोय असं सिद्ध होत नाही. अक्कांकडे गेलो होतो त्या दिवशी संध्याकाळी मी घरी येऊन आईची इडलीपात्राची ताटली उजेडात घेतली आणि चारही खळगे चष्मा लावून तपासले. आई म्हणाली, काही गरज नाही, सहा वर्षं चाललंय. पहिल्या तीन खळग्यांत गोळ्या होत्या. चौथ्यात, रात्रीच्या गोळ्यांबरोबर, माझ्या पांढऱ्या शर्टाची दोन बटणं होती. आधी किती होती, ते आई सांगत नाही.